उलटी पुरलेली बाटली

जोसीच्या लग्नाचं खातेवाटप झालं त्या संध्याकाळी तिचा बाप क्लेमेंट मॅटिंगली शाळेच्या बँडच्या कार्यक्रमात अडकला होता. बैठकीला गैरहजर राहणाऱ्याच्या वाट्याला जे येतं, तेच त्याच्या वाट्याला आलं. बायको नोरीननं जेवण घेतलं. होणाऱ्या जावयाची आजी मिस युला, तिनं आपलं शेत दिलं. फुलं, केक, फिडलवाले, फादर, सगळं वाटून झालं आणि उरला तो पाऊस.

"पावसाचं तेवढं तू बघ," तो घरी आल्यावर नोरीन म्हणाली.

"बघ म्हणजे?"

"म्हणजे पडू देऊ नकोस."

क्लेम केंटकीतल्या बार्ड्सटाउनच्या एका शाळेत उपमुख्याध्यापक होता. जी कामं जगात कोणाच्याच अखत्यारीत येत नाहीत त्यांच्यासाठीच हे पद निर्माण झालेलं आहे, त्यामुळे नाही म्हणायचं त्याला सुचलंच नाही. शिवाय जोसी समोर बसली होती. लग्न उघड्या माळावर, ओकच्या झाडासमोर, आभाळाखाली व्हावं एवढा एकच हट्ट तिनं धरला होता. बाकी सगळ्यात ती आईचं ऐकत होती, आणि नोरीनचं ऐकणं म्हणजे काय हे क्लेमला चांगलं ठाऊक होतं.

"डॅडी, नक्की ना?" जोसी म्हणाली.

"माझा शब्द," क्लेम म्हणाला. असा शब्द त्यानं आजवर कधी हवामानाच्या बाबतीत दिला नव्हता.

तसा पावसाचा बंदोबस्त परंपरेनं ठरलेला होता. लग्नाच्या एक महिना आधी, जिथे शपथा घ्यायच्या त्याच जागी, बर्बन व्हिस्कीची भरलेली बाटली उलटी पुरायची. लग्न लागलं की उकरायची आणि सगळ्यांनी मिळून प्यायची. मधे हात लावायचा नाही. लावला तर पाऊस कोसळतो. मिस युलाच्या शेतात तिच्या सासऱ्यापासून सगळ्यांची लग्नं अशीच लागली होती आणि तिथे लग्नाच्या दिवशी पाऊस पडल्याचं जिवंत माणसांपैकी कोणाला आठवत नव्हतं. जोसी आणि मिस युला यांनी बाटली पुरलीही होती. क्लेमनं खरं तर खुर्चीत बसून पाय ताणायला हरकत नव्हती.

पण क्लेम हा पट्टा लावून वर गॅलिसही चढवणारा माणूस. टीव्हीवरचा हवामानवाला नकाशावर हिरवे डाग दाखवून गोड हसायला लागला, तसा क्लेमनं गुपचूप ठरवलं की मांडव घालायचा. मोठा, पांढरा, सगळं गावगोत मावेल असा तंबू. पाऊस आलाच तर तंबू, नाही आला तर सावली.

अडचण एवढीच, की लग्नाच्या पुढच्याच शनिवारी डर्बी, म्हणजे घोड्यांची मोठी शर्यत होती. डर्बीच्या आठवड्यात केंटकीतला प्रत्येक तंबू लुइव्हिलला जातो आणि त्याच्याखाली श्रीमंत माणसं टोप्या घालून घोड्यांबद्दल खोटं बोलतात. क्लेमनं सगळीकडे फोन केले. शेवटी अख्ख्या परगण्यात एकच तंबू शिल्लक निघाला, तो रॉइस स्टाइव्हर्सचा.

"पैसे नकोत," रॉइस म्हणाला. "पैसे सगळेच देतात, मास्तर. तुमच्याकडे ओल्ड थॅडियस आहे असं ऐकलं."

क्लेमनं फोन हातानं झाकून स्वयंपाकघराकडे पाहिलं. कारण ते खरं होतं, आणि त्याच्या घरात ते कोणालाच माहीत नव्हतं.

ओल्ड थॅडियस ही पंचवीस वर्षं लाकडी पिंपात मुरलेली बर्बन. ती दुकानात येते पण फळीवर येत नाही. दुकानदार ती आतल्या खोलीत ठेवतो आणि आपल्या लाडक्या गिऱ्हाइकांना देतो. लाडकं व्हायचं तर आधी त्याचा न खपणारा माल घ्यावा लागतो. क्लेमनं या दुकानदाराकडून पीचच्या वासाची व्होडका खोकी भरभरून घेतली होती. ती कोणीच पीत नाही; ती बनवणारेही पीत नसावेत. शाळेला आजारपणाची चिठ्ठी पाठवून तो भर थंडीत घडीच्या खुर्चीवर दुकानाच्या दारात बसला होता. अशा माणसांना या हौशी मंडळात 'बटाटा' म्हणतात. जमिनीला चिकटून बसतो तो बटाटा. आपण बटाटा नसून अभ्यासक आहोत असं क्लेमचं मत होतं, आणि रांगेतल्या प्रत्येकाचं स्वतःबद्दल तेच मत होतं.

अशी बाटली उघडायची नसते. ठेवायची, दाखवायची, आणि योग्य माणूस योग्य वेळी आला की द्यायची. परवान्याशिवाय विकणं गुन्हा आहे, पण दोन सज्जनांनी एकमेकांना भेटी दिल्या तर त्याला मैत्री म्हणतात. नोरीनला क्लेमनं सांगितलं होतं की ही बाटली गवत कापायच्या यंत्राच्या तेलावर फुकट मिळाली. म्हणून ती गॅरेजमध्ये, तेलाच्या डब्यामागे.

रॉइसला होकार देऊन क्लेम गॅरेजमध्ये गेला. तेलाचा डबा होता. डब्यामागे भिंत होती.

"नोरीन," तो शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "ती गॅरेजमधली बाटली कुठाय?"

"कुठली?"

"तेलाच्या डब्यामागची."

"ती होय? पुरली."

क्लेम खाली बसला. जिथे बसला तिथे खुर्ची नव्हती.

"जोसी चांगली बर्बन पुरायला निघाली होती," नोरीन कांदा चिरत म्हणाली. "मी म्हटलं, महिनाभर मातीत घालायची त्याला चांगली कशाला? बापाची ती फुकटातली घेऊन जा. तू असा का बसलायस?"

"पाठ," क्लेम म्हणाला.

आता परिस्थिती अशी होती: पाऊस आला तर तंबू हवा. तंबू हवा तर बाटली हवी. बाटली हवी तर ती उकरायला हवी. आणि ती उकरली तर पाऊस येणार. क्लेम बीजगणित शिकवायचा तेव्हा असली उदाहरणं तो 'या वर्षी अभ्यासक्रमात नाही' म्हणून सोडून द्यायचा.

शेजारच्या व्हर्नन टिपटननं कुंपणावर कोपरं टेकून क्लेमकडून हे सगळं ऐकून घेतलं. व्हर्नन बाप्टिस्ट होता, म्हणजे दारूला शिवत नसे, म्हणजे दारू घ्यायला शेजारच्या गावी जात असे.

"सोप्पं आहे," व्हर्नन म्हणाला. "ती काढ, तिथे दुसरी घाल."

"पण हात लावायचा नसतो."

"जागा रिकामी राहायला नको, एवढाच त्याचा अर्थ. पहाऱ्यावरचा शिपाई बदलतात तसं."

"आणि आभाळाला कळलं तर?"

"आभाळ काय लेबल वाचतं?"

क्लेमला हा युक्तिवाद पटला नाही, पण दुसरा कोणताच उपलब्ध नव्हता.

रोज सकाळी रॉइसचा निरोप यायला लागला. 'बाटली कशी आहे?' क्लेम उत्तर द्यायचा, 'विश्रांती घेतेय.' मग रॉइसनं आजच्या वर्तमानपत्राशेजारी उभी करून काढलेला बाटलीचा फोटो मागितला. माणूस पळवून नेल्यावर मागतात तसा. क्लेमनं जुना फोटो पाठवला. 'वर्तमानपत्र कुठंय?' रॉइसनं विचारलं. 'आम्ही बंद केलं,' क्लेमनं कळवलं. 'सोमवारी बाटली घेऊन या,' रॉइसनं लिहिलं, 'नाहीतर तंबू लुइव्हिलला.'

केंटकीत जमीन खणण्याआधी एक फोन करावा लागतो. स्वतःच्या अंगणात खणायचं असलं तरी. खाली गॅसची नळी असते, पाण्याची असते, टेलिफोनची तार असते. मग माणूस येऊन रंगीत झेंड्या रोवून जातो. एखाद्या बाटलीसाठी कोणीही शहाणा माणूस हा फोन करत नाही. क्लेमनं केला.

"खणण्याचं कारण काय, सर?" पलीकडून बाईंनी विचारलं.

क्लेमनं उभ्या आयुष्यात सरकारी प्रश्नाला खोटं उत्तर दिलेलं नव्हतं. 

"सर, माझ्यासमोर कुंपण, पोहण्याचा तलाव, कबर आणि झाड एवढेच पर्याय आहेत."

क्षणभर त्याला 'कबर' हेच सत्याच्या सर्वांत जवळचं वाटलं.

"झाड," तो म्हणाला.

"कसलं?"

"म्हणजे, झाडासारखं झाड."

"सर, नाव लागतं."

"मॅग्नोलिया," क्लेम म्हणाला आणि फोन ठेवून त्यानं कपाळावरचा घाम पुसला.

झेंड्या रोवणारा माणूस कामाला चोख निघाला. त्यानं मिस युलाच्या शेतात पिवळ्या, निळ्या, नारिंगी झेंड्यांची जत्रा भरवली आणि जाताना मिस युलाला सगळं नीट समजावून सांगितलं. दुपारी क्लेमचा फोन वाजला.

"क्लेम, पोरा," मिस युलाचा आवाज भरून आला होता. "तू माझ्या शेतात मॅग्नोलिया लावतोयस?"

"हो," क्लेम म्हणाला.

"मी कोणाला बोलले नव्हते रे. माझ्या नवऱ्याला, ज्यूल्सला मॅग्नोलिया फार आवडायचा. तुला कोणी सांगितलं?"

"असंच... वाटलं," क्लेम म्हणाला.

त्यामुळे आता मॅग्नोलिया आणणं आलं. रोपवाटिकेत लहान रोप नव्हतं. होतं ते क्लेमहून उंच. ते गाडीच्या टपावर बांधून नेताना त्याला दोन विद्यार्थ्यांच्या आयांनी हात केला. शेतात जोसीचं अख्खं सासर जमलं होतं. फादरनी रोपावर पवित्र पाणी शिंपडलं. मिस युलानं जागा दाखवली ती विहिरीजवळची, ओकपासून लांब. क्लेम खड्डा खणत होता आणि त्याची नजर ओकखाली लागली होती. जिथे बाटली पुरली होती, तिथून वीतभर अंतरावरून पिवळ्या झेंड्यांची रांग गेली होती. पिवळा म्हणजे गॅस.

"पिवळ्याजवळ फावडं लावायचं नाही," व्हर्नन त्याच्या कानात म्हणाला. "उडशील."

"मग कशानं खणू?"

व्हर्नननं विचार केला. "चमचा."

रविवारी सकाळी, सगळं घराणं चर्चमधल्या प्रार्थनेला गेलं असताना, क्लेम सूप वाढायचा डाव घेऊन ओकखाली पालथा पडला होता. घरी त्यानं 'शाळेत जरा काम आहे, परस्पर चर्चला येतो' असं सांगितलं होतं. त्यामुळे अंगात रविवारचा कोट होता. व्हर्नन फाटकाकडे तोंड करून पहारा देत होता. मिस युलाच्या गायी कुंपणाशी येऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. एवढ्या एकाग्रतेनं क्लेमकडे वर्गातही कोणी पाहिलं नव्हतं.

प्रत्येक डावाबरोबर त्याला वाटायचं, आता 'टण्' होईल, आणि मग आपल्याला काहीच ऐकू येणार नाही. माती चिकट होती. पिवळी झेंडी त्याच्या कानाशी फडफडत होती. शेवटी डाव काचेला लागला. क्लेमनं डाव टाकला आणि दोन्ही हातांनी माती ओढायला लागला. बाटलीचं बूड दिसलं. गच्च बसली होती.

"क्लेम," व्हर्नन म्हणाला. "गाडी."

"एवढ्यात? प्रवचन तर..."

"फादरना सर्दी झालीय. नोरीन काल सांगत होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुला काय त्याचं!"

खडीवर चाकं वाजायला लागली. क्लेमनं बाटलीला बगलेतून मिठी मारली, पाय ओकच्या मुळाला लावले आणि ओढलं. ती सुटली. त्यानं ती कोटात कोंबली आणि हात मागे केला.

"दुसरी दे!"

व्हर्नननं दिली. क्लेमनं पाहिलं. बाटलीवर गुलाबी पीच होता आणि तो डोळा मारत होता.

"हे काय आहे?"

"तुझ्याच गॅरेजमधून आणली."

"तुला बर्बन आणायला सांगितली होती!"

"पुरायचीच ना? मग त्याला चांगली बर्बन कशाला?"

नोरीन अगदी असंच म्हणाली होती. या राज्यातली माणसं काटकसरीनं मरणार, असा एक विचार क्लेमच्या मनात येऊन गेला, पण तो पूर्ण करायला वेळ नव्हता. त्यानं पीच उलटा खुपसला, माती लोटली आणि वरती पोटावर पडून राहिला. व्हर्नन गायींमध्ये मिसळला.

"क्लेम?" मिस युला चर्चच्या टोपीत त्याच्या डोक्याशी उभी होती. "पालथा का पडलायस, पोरा?"

"प्रार्थना करतोय," क्लेम मातीत म्हणाला.

"मॅग्नोलिया तिकडे आहे."

"हो. इथून... सगळ्यांसाठीच करतोय."

मिस युलानं त्याच्याकडे, मग ओककडे पाहिलं. मग तिनं काठी गवतात ठेवली, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर त्याच्याशेजारी बसली आणि डोळे मिटले. पीच व्होडकेच्या डोक्यावर दोघांनी 'आमच्या स्वर्गीय पित्या' पूर्ण म्हटलं. क्लेमच्या छातीला ओल्ड थॅडियस गार लागत होती. एखादा सज्जन माणूस नरकात नेमका कुठल्या रस्त्यानं जातो, हे त्याला त्या सकाळी बरंचसं कळलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर तो रॉइसकडे गेला. रॉइसच्या कचेरीची एक अख्खी भिंत बाटल्यांची होती. एकीचंही बूच कधी निघालेलं नव्हतं. रॉइसनं पांढरे हातमोजे चढवले, गुंडाळलेला टॉवेल सोडला आणि तो बसलाच.

लेबल मातीनं खाल्लं होतं. ओल्ड थॅडियसच्या चित्रातलं नाक आणि एक कल्ला एवढंच उरलं होतं.

"मास्तर," रॉइस पुटपुटला, "काय केलंत हे याला?"

"जरा दमट जागेत होती."

"आणि ही पातळी? खाली का गेली?"

हे मात्र क्लेमच्या डोक्यात आलं नव्हतं. बर्बनची बाटली नेहमी उभी ठेवतात. आडवी ठेवली तरी आतली दारू बुचाला खाते. ही तर महिनाभर डोक्यावर उभी होती. रॉइसनं बूच चाचपायला बोट लावलं आणि ते ओल्या बिस्किटासारखं त्याच्या हातात आलं. अर्धं आत पडलं.

रॉइसनं हातातला तुकडा टॉवेलवर ठेवला.

"संपलं," रॉइस म्हणाला. "आता ही बाटली नाही राहिली. ही नुसती दारू आहे."

"दारू तर आहे," क्लेम हळूच म्हणाला.

"दारूचं मी काय करू?"

प्रश्न बिनतोड होता. क्लेमच्या डोळ्यांसमोर हिरवे डाग, नवरीचा ओला, झिरझिरीत बुरखा आणि जोसीचा चेहरा आला. तंबू आत्ता, इथे, दाराबाहेर ट्रकवर गुंडाळून ठेवला होता. त्याला इथून हलता येईना. मग करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून रॉइसनं मोजे काढले, कॉफीचे दोन कप घेतले आणि बुचाचे कण गाळत ओतली.

त्यांनी घोट घेतला. बाहेर एक ट्रक गेला.

"कशी वाटली?" क्लेमनं विचारलं.

"आधी तुम्ही सांगा."

"नको, तुम्ही जाणकार."

रॉइसनं आणखी एक घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. "लाकूड," तो म्हणाला.

"मला चर्चच्या बाकाची आठवण झाली."

"तुम्ही चाटलाय?"

"लहानपणी. कंटाळून."

रॉइसनं कप खाली ठेवला आणि मान वळवून भिंतीकडे पाहिलं. एकेका बाटलीसाठी त्यानं काय काय केलं होतं, ते त्याच्या तोंडावर ओळीनं उमटत गेलं. एका बाटलीसाठी त्यानं होडी विकली होती. एका बाटलीसाठी सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं होतं.

"मातीनं बिघडली असेल," क्लेम म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

"माती खालून शिरत नाही, मास्तर. ही अशीच आहे." रॉइसचा आवाज खाली आला. "तुम्ही मंडळात आहात ना? सगळे जाणकार असतात त्या मंडळात?"

"आहे."

"तिथे लिहिणार?"

क्लेमच्या मनात तसलं काहीही नव्हतं. पण खोडीतल्या जोडीदाराचं नाव सांगू की नको अशा विचारात पडलेल्या मुलासमोर कसं गप्प बसायचं, हे तो वर्षानुवर्षं शिकला होता. तो सवयीनं गप्प बसला. नुसता कपाकडे बघत राहिला.

"चर्चचा बाक म्हणालात तर भाव पार झोपेल हो," रॉइस काकुळतीला आला. "अख्खी भिंत आहे माझी. तंबू कधी हवाय?"

शुक्रवारी दुपारी तंबू उभा राहिला. एवढा मोठा, की त्यात ओकसुद्धा मावला असता. क्लेम समोर उभा राहून पाहत होता. बऱ्याच दिवसांनी त्याची मान ताठ झाली होती. तेवढ्यात जोसी आली, मागून नोरीन आणि मिस युला.

"डॅडी, हे काय आहे?"

"तंबू."

"आपण बाटली पुरलीय ना?"

"पुरलीय. हा आपला... जोडीला."

मिस युलानं काठी जमिनीत रोवली. "माझ्या शेतात कोणी तंबू लावला नाही आजवर. ज्यांचा भरवसा नसतो ते लावतात. बाटलीला काय वाटेल?"

"भरवसा आहे हो, मिस युला."

"मग हा कशाला? आणि तू घाबरलायस कशाला?"

"तुम्ही माझ्याकडे बघा, डॅडी," जोसी म्हणाली. "काय केलंत?"

क्लेमनं आयुष्यभर इतरांचे कबुलीजबाब ऐकले होते. त्याला ठाऊक होतं, की तुकड्यातुकड्यानं सांगणारा मुलगा जास्त मार खातो. त्यानं सगळं एका दमात सांगितलं. तेलाचा डबा सांगितला. आजारपणाची चिठ्ठी सांगितली. मॅग्नोलियाचं सांगताना त्याला मिस युलाकडे बघवलं नाही. पीच व्होडकेपर्यंत पोहोचला तेव्हा मिस युला गवतावर बसली.

"फुकटची म्हणाला होतास," नोरीन म्हणाली. तिचा आवाज फार शांत होता, म्हणजे पुढची काही वर्षं गेली.

"पीच?" मिस युला म्हणाली. "माझ्या ओकखाली? आणि त्याच्यावर मी प्रार्थना केली?"

"आभाळ काही लेबल..." व्हर्नन कुंपणापलीकडून म्हणाला, आणि सगळ्यांच्या नजरा बघून गायींकडे वळला.

मिस युला उठून घरात गेली. आपल्या कपाटातली अर्धा जन्म जपलेली बर्बन घेऊन आली, पीच काढून दूर फेकायला लावला आणि स्वतःच्या हातानं नवी बाटली पुरली.

"एका रात्रीत लागू पडेल?" जोसीनं विचारलं.

"महिना लागतो," मिस युला म्हणाली. "पण जोर लावून बघू."

जाताना जोसी बापाशी थांबली. "उद्या तुम्ही माझ्याबरोबर चालायचं, डॅडी. बोलायचं नाही."

शनिवारी सकाळपासून आभाळ गळू आल्यासारखं दुखत होतं. पाहुण्यांच्या खुर्च्या ओकसमोर उघड्यावर मांडल्या होत्या. तंबू बाजूला रिकामा उभा होता. त्यात एकटा रॉइस होता, दोऱ्या सांभाळायला. क्लेम जोसीचा हात धरून चालला, बोलला नाही, तिला ओकखाली सोडून मागे सरला. पाहुण्यांच्या खुर्च्यांखाली छत्र्या पडल्या होत्या. त्या कोणीच आणल्या नव्हत्या, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

फादरनी पुस्तक उघडलं. पहिला थेंब त्यांच्या पानावर पडला. दुसरा नोरीनच्या कपाळावर. मग वरचं भोकच मोठं झालं. क्लेमचे पाय विचार न करता तंबूखाली गेले. माणसाचे पाय बिचारे प्रामाणिक असतात. आत पोहोचून त्यानं वळून पाहिलं, तर त्याच्यामागे कोणीच आलं नव्हतं.

सगळे जागेवर होते. सगळे मिस युलाकडे बघत होते. मिस युला पहिल्या रांगेत ताठ बसली होती आणि तिच्या टोपीतली फुलं एकेक करून मान टाकत होती.

"फादर," ती म्हणाली, "थांबलात का?"

"म्हणजे... पाऊस, मिस युला."

"कुठला पाऊस?"

फादरनी आभाळाकडे पाहिलं, मग मिस युलाकडे पाहिलं. त्यांना या परगण्यात अजून बरीच वर्षं काढायची होती. त्यांनी पान पुसलं आणि पुढे वाचायला लागले.

"दव असेल," व्हर्नन मोठ्यानं म्हणाला. दुपारचा एक वाजला होता.

पाऊस वाढला. फिडलवाल्याच्या फिडलमधून पाणी ओतायला लागलं. तो वाजवत राहिला. जावयाचा काका डोळे न मिटता बसला होता आणि त्याच्या मिशीतून धार लागली होती. मिस युलाच्या शेतात लग्नाला पाऊस पडत नाही, आणि एवढ्या माणसांना हे माहीत असताना पावसाचा काही इलाज चालत नव्हता. कोरडा होता तो फक्त क्लेम. भरगच्च शेतात तो एकटा कोरडा उभा होता आणि इतकी लाज त्याला मातीत पालथं पडतानाही वाटली नव्हती.

"इकडे जागा आहे भरपूर," रॉइस मागून म्हणाला.

तेवढ्यात जोसी वळली. बुरखा तिच्या तोंडाला चिकटला होता.

"डॅडी, तिकडे काय करताय?"

सगळं शेत त्याच्याकडे वळलं. फादर थांबले. नोरीनची नजर तर त्याला तंबूतही भिजवून गेली.

"आतून काय दिसतंय?" जोसी म्हणाली. "पडतोय का?"

क्लेमनं रॉइसच्या हातातली छत्री घेतली. ती न उघडता तो बाहेर आला. कॉलरमधून पाणी पाठीवर उतरलं, बुटात साचलं. सगळ्या खुर्च्यांमधून चालत तो ओकखाली पोहोचला आणि मुलीशेजारी उभा राहिला.

"ऊन फार आहे," तो म्हणाला.

जोसीनं ओठ घट्ट मिटले. मग तिचे खांदे हलायला लागले आणि ती हसली. शुक्रवारनंतर पहिल्यांदा तिनं आपणहून त्याच्या भिजलेल्या बाहीला धरलं.

क्लेम पहिल्या रांगेकडे वळला. "मिस युला, पोरीला ऊन लागतंय. छत्री उघडू का?"

मिस युलानं मान वर केली. पाणी तिच्या नाकाच्या शेंड्यावरून गळत होतं. तिनं आभाळ नीट, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तपासलं.

"उन्हासाठी असेल तर उघड," ती म्हणाली.

क्लेमनं छत्री उघडली. आणि मग ओळीओळीनं, कोणी कोणाकडे न बघता, अख्ख्या शेतात छत्र्या उघडत गेल्या.